रंगीत हवेत आणि शांतही

माशांकडे बघत बसलं की रक्तदाब उतरतो, असं आमचे डॉक्टर म्हणाले. त्यांनी सिकलिड कुळातले मासे पाळलेले नसावेत.

घरात अटी ठरल्या. मासे रंगीत हवेत, ही बायकोची. भांडणारे नकोत, ही आईची. गोड्या पाण्यातले हवेत, ही माझी, कारण खाऱ्या पाण्याच्या टँकचा खर्च मी विचारून आलो होतो. गोड्या पाण्यात झळझळीत निळे, पिवळे, शेंदरी मासे हवे असतील तर फिरून फिरून सिकलिडपाशीच येता. रंग समुद्रातल्यासारखे, फक्त एकमेकांचं तोंड पाहवत नाही.

मेहुण्याला यातलं सगळं कळतं. "फ्लॉवरहॉर्न घ्या दाजी, वास्तूला चांगला." हा डोक्यावर टेंगूळ असलेला मासा १९९०च्या दशकात मलेशियात संकर करून तयार झाला. तो एकटाच ठेवावा लागतो, आणि आरसा धरला तर आरशावरही धावून जातो. मुलाला ऑस्कर हवा होता. तो फूटभर वाढतो. तोंडात मावेल ते अन्न, न मावेल तो शेजारी, एवढीच त्याची जगाकडे बघायची दृष्टी. मेहुणा दर सुट्टीला भिगवणला जाऊन उजनीची चिलापी खाऊन येतो. चिलापीही याच कुळातली, म्हणजे या घराण्याशी त्याचे जुने, तिखट-मिठाचे संबंध. तरी सल्ला मी घेतला नाही.

पेठेतल्या दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "आफ्रिकन की अमेरिकन?"

"रंगीत," मी म्हणालो.

तेव्हा त्यानं हातातली जाळी खाली ठेवली. "राहता कुठे? पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं?"

पुण्याच्या उंड्रीत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. मी हळू आवाजात टँकरचं म्हणालो.

"नळाच्या तोट्या पांढऱ्या होतात? केस गळतात?"

मी फक्त डोकं पुढे केलं.

"मग आफ्रिकन घ्या. मलावीचे."

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणी जड, म्हणजे क्षार असलेलं, आणि अल्कलीयुक्त, पीएच आठच्या आसपास. अ‍ॅमेझॉनच्या डिस्कस या सिकलिडला नेमकं उलटं, मऊ, किंचित आम्ल आणि अठ्ठावीस-तीस अंशांपर्यंत तापवलेलं पाणी लागतं; दोघांना एका टँकमध्ये सुख लाभत नाही. खडकवासल्याचं मऊ पाणी पिणारे पेठकर आपल्या मलावी माशांसाठी तळाला कोरलचा चुरा घालून पाणी जड करतात म्हणे. आम्हाला ते टँकरवाला घरपोच देतो. आमच्या सोसायटीच्या पाण्याबद्दल कुणी चांगलं बोललेलं मी प्रथमच ऐकलं.

पण खरी गोम पुढे होती. या माशांत रंग आणि मारामारी या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत. नर रंग दाखवतो तो मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला हाकलायला. टँकमधला जो दादा, तो सगळ्यात झळकणार. जो मार खातो तो दिवसेंदिवस फिका पडत जाणार. पीकॉक जातीच्या माद्या तर करड्याच.

"अहो, करड्या रंगाचे पैसे कशाला द्यायचे?" बायकोनं विचारलं.

"एका नरामागे तीन-चार माद्या लागतात वहिनी. एकच ठेवली तर तिचा छळ होतो."

ही योजना बायकोला माशांच्या बाबतीतही मंजूर नव्हती. शिवाय ती ऐकताना मी मान डोलावली, असं तिचं म्हणणं आहे.

मग दुकानदारानं तोडगा काढला: नुसते नर. मादी नजरेलाच पडली नाही की भांडणाचं कारण निम्मं संपतं आणि रंग मात्र राहतात. म्हणजे बॅचलर मुलांचा फ्लॅटच. आमची सोसायटी बॅचलरना जागा देत नाही, पण नियमावलीत माशांचा उल्लेख नाही. अट एवढीच, की दोघांचा रंग सारखा नको, आणि टँक जरा दाटीवाटीनं भरायचा, म्हणजे मार सगळ्यांत वाटला जातो. फिल्टर अर्थातच दांडगा हवा. नवा मासा सोडताना आतले दगड हलवायचे, म्हणजे जुन्या रहिवाशांचेही पत्ते हरवतात आणि सगळे नव्यानं सुरुवात करतात.

"पण भांडणारे नकोत म्हटलं होतं मी," आई म्हणाली.

"भांडतील काकू. पण एकाशीच नाही भांडणार."

आईला हे पटलं. एकत्र कुटुंबात ती तीस वर्षं राहिली आहे.

शेवटी चार फुटी टँक, म्हणजे जवळजवळ अडीचशे लिटर पाणी, आणि त्यात लाल पीकॉक, निळा पीकॉक, इलेक्ट्रिक ब्लू अशी मंडळी घेतली. म्हणजे नावं घेतली. पिशवीत होते ते बोटाएवढे राखाडी मासे. रंग मोठेपणी येतो. आत्ताच रंगीत दिसणारी पिल्लं घेऊ नका, हार्मोन दिलेली असतात, नंतर उतरतात, असं दुकानदारानंच बजावलं. त्यामुळे अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट घेतलेल्या माणसाच्या श्रद्धेनं आम्ही रोज राखाडी माशांकडे बघत असू. घरात रंग होता तो फक्त पिवळ्यांचा. इलेक्ट्रिक यलो लहानपणापासून पिवळा, त्यातल्या त्यात गरीब, आणि नर-मादी दोघंही पिवळेच.

हे शेवटचं वाक्य दुकानदारानं फार हळू म्हटलं होतं.

एक दिवस त्यातला एक जेवेना. दाणे नाकासमोरून जात, तो बघत राही. हनुवटी फुगलेली. आईनं ओव्याचं पाणी सुचवलं. मी फोटो काढून दुकानदाराला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "अंडी तोंडात उबवते आहे. तीन आठवडे काही खाणार नाही."

बॅचलर फ्लॅटमध्ये ही बातमी कशी पसरली ते मला माहीत नाही, पण राखाडी मंडळींपैकी दोघांना त्याच आठवड्यात निळा रंग चढला. बायको खूश. माझा रक्तदाब डॉक्टरांनी परत मोजला आणि गोळी वाढवली. आणि जिला तोंड उघडायचीच सोय नाही तिचं डोहाळजेवण कसं करायचं, यावर आई शेजारच्या काकूंशी रोज संध्याकाळी चर्चा करते आहे.