मिस्त्रीगिरीबद्दल, साहेबांना

नमस्कार साहेब,

बग्गीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा तशीच, एकदा चहा घेऊन. चहानं फारसा फरक पडला नाही.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जिप्सीचं 1298 सीसी इंजिन, त्याला टर्बो, अशी आमची बग्गी. 5000 आरपीएमच्या पुढे, अर्धा बार बूस्टवर (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा जादा दाब) हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरचा काटा 11.8 वरून 13.6 वर जायचा, म्हणजे मिक्श्चर लीन, पेट्रोल कमी. शेवटी दोष फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या, म्हणजे पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या भागाच्या, होजमध्ये सापडला, असं मी लिहिलं होतं. साहेबांचे आक्षेप असे: पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असताना 14.7 च्या, म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या, पट्टीवरचे आकडे देऊ नयेत. होजचा दोष धरला तरी हिशेब 12.9 च्या आसपास थांबतो, वरचं कुठून आलं? इंजिन मिसिंग मारत असणार (मधूनच ठिणगी चुकत असणार), प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, बघा. लोडवर पंपाला व्होल्ट किती मिळतात ते मोजलं का? आणि मग शेवटचं वाक्य: "ट्यूनिंग वेगळं आणि मिस्त्रीगिरी वेगळी."

पहिला आक्षेप मान्य. सेन्सर मुळात लॅम्डा मोजतो, म्हणजे पेट्रोल पुरतं जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे ते; मीटर त्याला 14.7 नं गुणून दाखवतो. मी 11.8 म्हणालो तेव्हा लॅम्डा 0.80 होता, आणि आजच्या पेट्रोलला खरं प्रमाण 11 च्याही खाली येतं. लॅम्डा लिहायला हवं होतं. लेख दुरुस्त केलाय. चूक कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही.

आता ते वाक्य.

साहेब, मी कोल्हापूरचा. आमच्या गावानं म्हादबा मेस्त्रींना यंत्रमहर्षी म्हटलं. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, त्याचा अर्थ उस्ताद. तुम्ही तो शिवीसारखा वापरलात. आमच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, उभं राहून हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघा, मी बाजूला थांबतो.

वडिलांच्या गॅरेजमध्ये मी चौदाव्या वर्षी प्लग वाचायला शिकलो. काढलेला प्लग ते उन्हात धरायचे आणि विचारायचे, "काय म्हणतोय?" पांढरा फटक असेल तर लीन, काजळी असेल तर रिच (पेट्रोल जास्त), चहाच्या रंगाचा असेल तर गाडी गिऱ्हाइकाला द्या. तेव्हा हे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर कुणी पाहिला होता? आज माझ्याकडे तोही आहे, लॅपटॉपही आहे. आणि टेबलावर 2011 सालचा एक पिस्टन आहे, कडेनं वितळलेला. मारुतीच्याच इंजिनावर बूस्ट वाढवताना मीच जाळलेला. त्यात मी पेन ठेवतो. लीन मिक्श्चरची किंमत मला पुस्तकातून कळलेली नाही.

आणि अंदाजपंचे काही केलेलं नाही. लेखात सगळं होतं, तुम्ही वाचलं असतं तर दिसलं असतं. पुन्हा सांगतो. इंजेक्टरच्या तोंडाशी मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळीत) अर्धा बार दाब आला, की रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतला, दाबही तेवढाच वाढायला हवा. तीनचा साडेतीन. तो निरोप रेग्युलेटरला पोचवते ती एक बोटभर लांबीची रबरी होज. ती उन्हातान्हात कडक होऊन क्लिपपाशी चिरली होती. बूस्टवर चीर उघडायची, निरोप गळून जायचा, दाब तीनच्या आसपासच राहायचा. मग इंजेक्टरवर प्रत्यक्षात उरतो अडीच बार, आणि पेट्रोल साधारण 9 टक्के कमी पडतं. हे मी रोल केजला बाहेरून गेज बांधून, फोनवर व्हिडिओ काढून पाहिलंय.

याहून मोठा पुरावा आयडलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असतानाचा. आयडलला हीच बग्गी रिच होती, मागं उभं राहिलं की पेट्रोलचा वास यायचा. का? कारण आयडलला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम रेग्युलेटरला पोचला की पेट्रोलचा दाब उतरतो; त्याच चिरेमुळे तो पुरता मिळत नव्हता, म्हणून तिथं दाब जास्त. खाली रिच, वर लीन, दोन्हीचं कारण एकच चीर. तुमच्या प्लगच्या गॅपनं आयडल रिच होतं का हो? की ते कॉलेजात शिकवत नाहीत? होज बदलली, दोन्ही गेलं. म्हणजे आयडल पूर्ण सुधारलं आणि वरचं बहुतेक.

'बहुतेक' म्हणालो, कारण आता तुम्ही तेच धरून बसाल. हो, कधीमधी काटा क्षणभर 12.5 ला उडी मारतो आणि परत येतो. बग्गी आहे, साहेब. शेताच्या बांधावरून उडते, टाकीत पेट्रोल हिंदकळतं, पंप एखादा घोट हवेचा घेतो. हे रस्त्यावरच्या गाडीचं गणित नव्हे. मिसिंग असेल तर न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि तो खोटं लीन दाखवतो, हे मलाही ठाऊक आहे, धडा घ्यायची गरज नव्हती. 12.9 आणि 13.6 मधल्या फरकावर इतकं रान उठवण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. पंपाच्या व्होल्टचं नंतर बघू.

एका वाचकानं मध्येच विचारलंय, म्हणून सांगतो: प्लगचा गॅप मी गेल्या रविवारी 1.1 वरून 0.7 मिलिमीटर केला. प्लग तसेही बदलायचेच होते, तुमची प्रतिक्रिया शनिवारी आली हा योगायोग. त्यानंतर बग्गी दोनदा चालवली, काट्यानं उडी मारलेली नाही. पण त्याच दिवशी टाकीही गच्च भरली होती, त्यामुळे हिंदकळायला जागाच नव्हती. अर्ध्या टाकीवर चालवून मीटरच्या नोंदींचा लॉग टाकतो. तोवर तुम्ही कोणती बग्गी बांधलीय, तिचा एखादा फोटो टाका.