जायचं नक्की आहे हे दाखवा, पण नक्की करू नका!

पासपोर्टवर मुदत छापलीय ना? मग ती संपायच्या सहा महिने आधीच कित्येक देश तो बाद कसा धरतात? तारीख काय शोभेला छापलीय? आणि तो फोटो! 35 बाय 45 मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमी, हसायचं नाही. एवढं पाळून जो चेहरा उमटतो त्याला मी घरात घेणार नाही, देशात कोण घेणार!

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, हवाय? किमान 30,000 युरोंचा विमा काढा, हॉटेल ठरवा, विमानाचं आरक्षण दाखवा. वर सूचना : व्हिसा हातात येईपर्यंत पक्कं तिकीट काढू नका. धन्य! शिवाय दिवसवार कार्यक्रम द्या. जिथे कधी पाऊल टाकलं नाही तिथे मंगळवारी दुपारी मी कुठे असेन? इथला मंगळवार तरी मला कुठे ठाऊक असतो?

प्लगचं तर बोलायलाच नको. सगळ्या जगात तीच विमानं उडतात, भिंतीतली भोकं मात्र दर देशाची वेगळी!

त्यात फुकटचे सल्लागार. ‘तिथे थंडी फार.’ ‘छे, उकडतं.’ तुम्ही कधी गेला होतात? ‘नाही हो, ऐकलंय.’