जमीन पाहावी, पण खाली पाहू नये

बंद पडलेल्या कारखान्याची जागा निवासी प्रकल्पासाठी योग्य आहे की नाही, हे ठरवण्याचे काम आपल्याकडे आले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. काम सोपे आहे. उत्तर आधीच ठरलेले असते आणि आपल्याला त्याला शोभेल असा अहवाल तेवढा लिहायचा असतो. असा अहवाल कसा असतो, ते गेल्या महिन्यात लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका विक्री कार्यालयात मला पाहायला मिळाले, म्हणून या चार सूचना.

मी भाचीसाठी घर पाहायला गेलो होतो. त्या जागेवर पूर्वी जो कारखाना होता, त्याच्या टूलरूममध्ये मी बावीस वर्षे काढली आहेत, हे मात्र तिथे कुणाला सांगितले नाही. काचेखालच्या मॉडेलमध्ये टॉवर होते, निळा जलतरण तलाव होता आणि एका कोपऱ्यात स्पंजच्या झाडांमध्ये नखाएवढी लाल घसरगुंडी होती. गेटपासून कॅन्टीन, कॅन्टीनपासून पाण्याची टाकी, असे मी मनात दोनदा मोजले. घसरगुंडी बरोबर आमच्या प्लेटिंग शॉपवर, म्हणजे सुट्या भागांवर क्रोमियमचा मुलामा चढवायच्या विभागावर, आली होती. तिथे क्रोमिक आम्लाच्या टाक्या होत्या, फरशी कायमची पिवळी झालेली होती, धुण्याचे पाणी मागच्या गटारात जात असे आणि तिथे काम करणाऱ्या दोघांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडले होते.

तेव्हा पहिली सूचना अशी की, कारखान्यात काय बनत होते हे कधीही विचारू नये. मी विचारले, तर तिथला टायवाला मुलगा हसून म्हणाला, “सर, मॅन्युफॅक्चरिंग होतं.”

कागदपत्रे मात्र कसून तपासावीत. मालकीहक्काचा शोध तीस वर्षे मागे जाऊन घ्यावा, मालमत्ता पत्रकावरची प्रत्येक नोंद वाचावी, कामगारांची देणी भागल्याचा दाखला कामगार आयुक्तांकडून आणावा. कागदाला एवढा इतिहास असतो. माती कालच जन्मली आहे असे समजून चालावे.

जुन्या कामगारांना भेटू नये, कारण त्यांना बरेच आठवते.

माती परीक्षण अहवाल अवश्य जोडावा आणि तो जाडजूड असावा. मला दाखवलेला साठेक पानांचा होता आणि मी तो तिथेच बसून वाचला, त्यामुळे भाची अवघडली आणि टायवाल्या मुलाने दोनदा चहा विचारला. किती मीटरवर मुरूम लागला, किती मीटरवर काळा पाषाण, जमीन किती भार पेलेल, हे सारे त्यात व्यवस्थित होते. सर्व बोअर, म्हणजे मातीच्या नमुन्यांसाठी पाडलेली भोके, टॉवरच्या पायाखाली घेतलेले होते. बागेत एकही नव्हता, कारण घसरगुंडीला पाया लागत नाही. रासायनिक तपासणी अजिबात केली नव्हती, असा आरोप मात्र मी करणार नाही. क्लोराइड आणि सल्फेट तपासले होते, कारण त्यांनी सळई आणि काँक्रीट खराब होते! इमारतीच्या प्रकृतीची एवढी काळजी घेतलेली पाहून मला भरून आले. तिच्यात राहणाऱ्यांच्या प्रकृतीविषयी साठ पानांत एक ओळ नव्हती. आमच्या टाक्यांतल्या क्रोमिक आम्लात जे असते, त्या षट्संयुजी क्रोमियमने कर्करोग होतो, ते पाण्याबरोबर सहज पसरते आणि भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. अहवालात क्रोमियम हा शब्दच नव्हता. आमच्याकडे सुटे भाग ट्रायक्लोरोएथिलीन या विषारी द्रावकाने धूत असत. आम्ही त्याला ट्रायक्लो म्हणायचो आणि हाताचे ग्रीसही त्यानेच काढायचो. ते पाण्याहून जड असल्यामुळे खाली खडकाच्या भेगांत जाऊन बसते आणि तिथून वाफ होऊन तळघरात चढते. प्रकल्पात तीन मजली तळघर आहे.

सिमेंटचे जुने पत्रे, म्हणजे ज्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते ते ॲस्बेस्टॉसचे, हातोड्याने फोडावेत आणि फोडणाऱ्यांना तोंडावर रुमाल बांधायला सांगावे.

तळघरासाठी खोदताना माती पिवळी किंवा वासाची निघाली, तर घाबरू नये. डंपर रात्री भरावेत. आपल्या हद्दीबाहेर गेलेली माती शुद्ध होते. ती कुणाच्या तरी प्लॉटवर भरणी म्हणून पडेल, त्यावर कुणाची तरी चाळ उठेल आणि त्या चाळीसाठी माती परीक्षण अहवाल कुणीच मागणार नाही.

शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आपली जबाबदारी झटकावी. ही युक्ती जुनी आणि सिद्ध आहे. अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात एका रासायनिक कंपनीने कचरा पुरलेली जागा १९५३ साली एका डॉलरला शाळा मंडळाला दिली आणि पुढे काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही, असे दस्तऐवजातच लिहून घेतले. त्यावर शाळा झाली, भोवती घरे झाली. १९७८ साली तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. तुमचे पान मात्र व्यवस्थित फाइलला लावलेले राहील.

अहो, पण तुम्ही अभियंते आहात ना? टायवाल्या मुलाला ठाऊक नाही, हे मी समजू शकतो, त्याचा पगारच ठाऊक नसण्याचा आहे. तुम्हाला सगळे ठाऊक आहे. वीस हजार चौरस मीटर बांधकामाच्या पुढे पर्यावरण मंजुरी लागते आणि जड धातू झिरपून भूजलाला धोका नाही ना, हे पाहण्यासाठी माती व पाण्याचे नमुने तपासावेत, अशी अट तशा मंजुरीपत्रांत वर्षानुवर्षे छापली जाते. ती तपासणी दाखवा म्हटले, तर तुमचा विक्रेता मला बाथरूमच्या फिटिंगची यादी दाखवतो. नियम नाहीत ही सबबही आता उरलेली नाही, कारण दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्राने जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केले आहेत. बोअर घेणारे यंत्र त्याच आवारात उभे होते. ते चाळीस पावले सरकवून बागेच्या जागी चार भोके पाडायला आणि चार पिशव्या माती प्रयोगशाळेत पाठवायला तुमचे काय जाणार होते? तुम्हाला आकडा कळून घ्यायचा नव्हता, कारण कळल्यावर तो लिहावा लागला असता.

निघताना मी माहितीपत्रकाच्या मागे जुन्या कारखान्याचा नकाशा काढून दिला. प्लेटिंग शॉप, ट्रायक्लोची टाकी, जमिनीखालची भट्टीच्या तेलाची टाकी, मागचे गटार, सगळे अंतरांसह. तो कागद त्या कार्यालयात आहे. माहीत नव्हते असे यापुढे म्हणू नका.