‘पहिल्या तिमाहीत औषध टाळावे’ हे वाक्य धोक्याचं आहे

लेखातलं ‘गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मलेरियाची औषधे शक्यतो टाळावीत’ हे वाक्य कृपया दुरुस्त करा. टाळायचं ते प्रायमाक्विन, आणि ते पूर्ण नऊ महिने, कारण बाळाला जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असेल तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियासाठी क्लोरोक्विन पहिल्या महिन्यापासून चालतं. फाल्सिपेरम या दुसऱ्या, जास्त घातक प्रकारासाठी पूर्वी सात दिवस क्विनाइन (सोबत क्लिंडामायसिन) देत. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२२च्या नोव्हेंबरात पहिल्या तिमाहीतही आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन या गोळ्यांना पसंती दिली. प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे गर्भाला अपाय होण्याची जी भीती होती, ती हजारो गर्भवतींच्या नोंदी तपासल्यावर टिकली नाही. तीन दिवसांचा कोर्स, क्विनाइनसारखं कानात घूं घूं नाही, साखर उतरणं नाही. तीव्र मलेरियात तर कुठल्याही महिन्यात आर्टेसुनेटचं इंजेक्शनच देतात.

मी गडचिरोली जिल्ह्यातली आशा (गावपातळीवरची आरोग्यसेविका). आमच्याकडे फाल्सिपेरम भरपूर. ‘दिवस गेलेत, गोळी नको’ म्हणत सासूबाई पाकीट फडताळात ठेवून देतात आणि ताप अंगावर काढला जातो. खरा गर्भपात, रक्तक्षय होतो तो त्या तापाने, पण बोल लागतो गोळीला! त्यात तुमच्यासारखा लेख कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवला की आमची दारोदार घातलेली समजूत गेली पाण्यात. निदान एवढं तरी लिहा, की पाळी चुकली असेल तर रक्त तपासतानाच सांगा आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी अर्ध्यात सोडू नका.