जांभळ्या टोपणाचा हिशेब

"आईचं हिमोग्लोबिन साडेसातवर आलंय आणि डॉक्टर रक्त चढवायला तयार नाहीत," दादा सांगलीहून फोनवर सांगत होता. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. मला क्षणभर काही उमजेना. भारतात हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटरमागे ग्रॅममध्ये मोजतात, इथे कॅनडात लिटरमागे, आणि इथल्या हिशेबाने साडेसात म्हणजे माणूस उरतच नाही. मग दहाने गुणलं, पंचाहत्तर झालं आणि जीव भांड्यात पडला. पंचाहत्तर असताना ओंटॅरिओतल्या आमच्या हॉस्पिटलातही मावशीला बहुधा रक्त दिलं नसतं.

मावशी बासष्ट वर्षांची. न्यूमोनियाचं सेप्सिस झालं, म्हणजे संसर्गापायी सगळं शरीरच बिघडलं, नऊ दिवस आयसीयूत होती, त्यातले पाच व्हेंटिलेटरवर. दादाचा फोन आला तोवर फॅमिली ग्रुपवर दोन तट पडलेले. एक म्हणे, दिवसाचं बिल एवढं आणि साधी रक्ताची बाटली लावत नाहीत. दुसरा म्हणे, बाटल्या लावूनच बिलं फुगवतात, न लावणारा डॉक्टर लाखात एक. दादाने मात्र वादात न पडता चार डोनर उभे करून ठेवले होते, त्यातले दोघे तालमीतले.

हे डोनर उभे करणं मी विसरूनच गेले होते. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालामुळे १९९८ पासून बंदी आली, पण 'बदली डोनर आणा' हे अजून नातेवाइकांच्या पाठीशी आहेच. त्यामुळे रक्त मिळवणं हे घरच्यांचं कर्तव्य होऊन बसतं, आणि माणसं जमवून झाली की ते रक्त चढलंच पाहिजे असं वाटू लागतं. दादाचा राग मला कळत होता. चार माणसं सकाळपासून उपाशी न राहता, नीट जेवून, हॉस्पिटलच्या दारात थांबलेली आणि डॉक्टर म्हणतात, सातच्या खाली गेलं तर बघू.

हा 'सात' मूळचा इथला. कॅनडातल्या २५ आयसीयूंमधल्या ८३८ पेशंटचे दोन गट केले होते. एका गटाला हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावर रक्त, दुसऱ्याला दहाच्या खाली गेल्यावर. १९९९ साली निकाल छापून आला. तीस दिवसांत पहिल्या गटातले १८.७ टक्के दगावले, दुसऱ्यातले २३.३. हा फरक योगायोगाचाही असू शकेल असं संख्याशास्त्र म्हणालं, पण हात आखडता घेतल्याने कुणाचं वाईट झालं नाही, एवढं दिसलं. पुढे २०१४ मध्ये स्कँडिनेव्हियात सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब कोसळलेल्या, पेशंटवर सात विरुद्ध नऊ असं तपासलं, तिथेही मृत्यूंत फरक सापडला नाही. हार्ट अटॅकचा पेशंट असेल तर मात्र अलीकडचा कल जरा जास्त ठेवण्याकडे आहे. सात हा काही वेदमंत्र नाही.

इथल्या लोकांनी हा आकडा मुकाट्याने मानला, त्यामागे एक जखमही आहे. ऐंशीच्या दशकात दूषित रक्तातून इथे हजारो लोकांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी झाला. चौकशीसाठी क्रेव्हर आयोग बसला, १९९७ मध्ये अहवाल आला आणि रेडक्रॉसकडून रक्ताचं काम काढून घेतलं गेलं. त्या पिढीला रक्ताची पिशवी टाळता आली तर बरंच वाटत असणार. आपल्याकडे रक्त म्हणजे ताकद. शिबिराचा मांडव, बिस्किटाचा पुडा, नेत्याचा वाढदिवस. त्या उत्साहाची मला टिंगल करायची नाही, त्यावरच आपल्या रक्तपेढ्या चालतात.

पण चढवायचं की नाही याच वादात दोन्ही तट अडकले होते. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, मला उलटी बाजू दिसते. पहाटे साडेचारला आयसीयूतून नळ्या येऊ लागतात. जांभळ्या टोपणाची, ज्याला सांगलीत ईडीटीए बल्ब म्हणतात, ती चार मिलिलिटरची. मशीनची सुई त्यातले काही थेंब ओढते. बाकीचं रक्त रॅकमध्ये, रॅक फ्रिजमध्ये आणि काही दिवसांनी सगळं कचऱ्यात. शिवाय धमनीतल्या लाइनमधून रक्त घेताना आधी थोडं ओढून फेकतात, ते वेगळंच. युरोपातल्या सुमारे दीडशे आयसीयूंच्या पाहणीत (२००२) पेशंटमागे दिवसाला सरासरी ४१ मिलिलिटर रक्त तपासणीसाठी निघत होतं. नऊ दिवसांचे ३६९. शिबिरात आपण ३५० ची पिशवी भरतो. म्हणजे आजारी माणसाकडून एक रक्तदान, तेही चहा-बिस्किटाविना.

निरोगी माणूस ते भरून काढतो. सेप्सिसमध्ये यकृत हेप्सिडिन नावाचं द्रव्य सोडतं आणि शरीरातलं लोह कोठारात कुलूपबंद होतं. मूत्रपिंडाकडून हाडांतल्या मज्जेला जाणारा 'रक्तपेशी बनव' हा निरोपही क्षीण पडतो. आणि आपल्या बायकांची कोठारं आधीच रिकामी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, महाराष्ट्रात ५४.२. मावशी त्या वयापुढे गेलेली, पण सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरेल ते खात तिने ती वर्षं काढली आहेत. इथला सातचा आकडा ज्या शरीरांवर बेतला, ती अशी उपाशी नव्हती. म्हणून आकडा जसाच्या तसा उचलताना मी जरा थबकते. तरी चार पिशव्या चढवणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

उचलायचंच असेल तर लहान बल्ब उचला. कॅनडातल्याच २५ आयसीयूंमध्ये निम्मं रक्त ओढणाऱ्या नळ्या वापरून पाहिल्या, २०२३ मध्ये निकाल आला. मुख्य हिशेबात फरक ठाम ठरला नाही, पण आधीच ठरवलेल्या दुसऱ्या हिशेबात शंभर पेशंटमागे सुमारे दहा पिशव्या कमी लागल्या, आणि तपासण्या काही अडल्या नाहीत. एवढं होऊनही आमच्याकडे अजून चार मिलिलिटरच्याच नळ्या येतात. इथे पेशंटला बिल येत नाही, त्यामुळे "ही टेस्ट रोज कशाला?" असं विचारणारं कुणी नाही. सांगलीत दादा बिलाची ओळ न् ओळ वाचतो. त्याच्या त्या चिकटपणाचा मला हेवा वाटला. त्याला म्हटलं, रुपयांबरोबर मिलिलिटरही विचार.

विचारलं त्याने. सिस्टर आधी हसल्या, मग म्हणाल्या, लहान मुलांचे बल्ब आहेत, डॉक्टरांना विचारून बघते. दुसऱ्या दिवसापासून तेच लागले.

मावशी घरी आली. दादाने डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवला. नऊ औषधं, दोन इनहेलर, फिजिओथेरपीचे व्यायाम, आणि अगदी खाली बारीक अक्षरात हिमोग्लोबिन ८.१. त्याचं पुढे काय करायचं, एक शब्द नाही. इथल्या कार्डांवरही बहुधा नसतो. महिनोन्महिने जिना चढताना लागणारी धाप सगळे "आजारपणाचा अशक्तपणा" म्हणून सोडून देतात. मी दादाला लिहिलं, दाखवायला जाशील तेव्हा हिमोग्लोबिन परत बघायला सांग, आणि लोहाचा साठा कसा, कधी तपासायचा तेही विचार. लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी शरीरात सूज असताना फसवते.

"विचारतो," त्याचं उत्तर आलं. "तोवर बीट चालू ठेवू ना? आईने दोन किलो आणायला लावलंय."