पटाच्या बैलाला आराम, नटाच्या गळ्याला का नाही?

पट, म्हणजे बैलांची शर्यत, जवळ आला की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात, बैलाची किती काळजी घेतात! ढेप, सरकी, वेळेवर पाणी, पायांची मालिश. एक दौड झाली की मालक त्याला सावलीत बांधतो. त्याच गावात त्याच रात्री पटाच्या पाहुण्यांसाठी नाटक असतं. त्यात दहा वाजतापासून पहाटेपर्यंत जो नट बोलतो, तो काल दुसऱ्या गावात बोललेला असतो आणि उद्या तिसऱ्या गावात बोलणार असतो. त्याच्या गळ्याची विचारपूस कोणी करत नाही. तो स्वतःही करत नाही. मीही केली नव्हती.

भाऊबीज ते होळी, असे सोळा सीझन मी काढले. आधी नट, मग दिग्दर्शक, आणि आता पोरापोरींना आवाज शिकवतो. गावात लोक म्हणतात, "भाऊनं नाटक सोडलं." नाही सोडलं. नाटकाचं जे काम कोणी करत नव्हतं, ते हाती घेतलं.

जानेवारीतली रात्र होती. धान निघालेल्या बांधीत मंडप, वरून धुकं. तिसऱ्या अंकात बापाचा प्रवेश. मी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. मागून लोक ओरडले, "आवाज! आवाज!" त्यांना वाटलं माईक बिघडला. प्रॉम्प्टरनं आतून माझी वाक्यं म्हटली, मी ओठ हलवले. तो प्रवेश त्या माणसानं तारला. त्याचे उपकार मी कधी विसरणार नाही.

नागपुरात डॉक्टरांनी दुर्बिणीतून दाखवलं. दोन्ही स्वरतंतूंवर, समोरासमोर, बारीक गाठी. कुदळीनं तळहाताला घट्टे पडतात, तसे. साधं बोलतानाही पुरुषाचे हे तंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आदळतात, बाईचे दोनशेच्या आसपास. ओरडलं की मार आणखी वाढतो. रात्रभराचा हिशेब तुम्हीच करा. ऑपरेशन लागलं नाही. विश्रांती आणि आवाजाचे व्यायाम यांवर गाठी विरल्या, पण मला माझ्या चुका दिसल्या. आवाज बसला की मी कुजबुजत बोलायचो. त्यानंही गळा ताणला जातो. दर प्रवेशाआधी जोरानं खाकरायचो. शेकोटीच्या धुरात बसायचो. आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा.

दिग्दर्शनाला लागलो तेव्हा खरं शिकणं सुरू झालं. आमच्याकडे राग म्हणजे ओरडणं, दुःख म्हणजे त्याहून मोठ्यानं ओरडणं. मी एका खलनायकाला सगळा राग खर्जात बोलायला लावला. मंडप असा शांत झाला की बाहेरच्या चहाच्या टपरीवरचे कप वाजलेले ऐकू आले. तेव्हापासून संहिता हातात आली की मी आधी श्वासाच्या जागा खुणावतो. एका नटाला लागोपाठ दोन आरडाओरडीचे प्रवेश देत नाही. श्वास कसा घ्यायचा हे विचारलं तर झोपलेलं लेकरू दाखवतो. त्याचं पोट वर येतं, खांदे हलत नाहीत.

"आवाज म्हणजे देवाची देन" हे वाक्य मला आता सहन होत नाही. देणगी असेल, पण मेहनत आणि निगा आपलीच. भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले, त्यात वाचिक, म्हणजे वाणीचा, एक आहे. डॉ. श्रीराम लागू तर स्वतः कान-नाक-घशाचे सर्जन होते. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती भरून आली. अख्ख्या झाडीपट्टीच्या डोक्यावरून कोणी हात फिरवल्यासारखं वाटलं. मग आमच्याच विंगेत गरम पाण्याचा एक थर्मास का नसावा?

कंपनीवाल्यांची अडचण मला कळते. कमाईचे चार महिने, बुकिंग आलं की नाही म्हणवत नाही. 2014 ला सुप्रीम कोर्टानं पटावर बंदी आणली होती. ती पुढे उठली, पण तेव्हा पाहुणे घटले की नाटकाचं काय होते, हेही पाहिलं आहे. म्हणून नटही रात्र सोडत नाही. रात्र सोडली की पैसा गेला. पण आठवड्यात एक रात्र मोठी भूमिका दुसऱ्याला देता येते. नटाला स्वतःचा आवाज ऐकू येईल असा एक स्पीकर स्टेजकडे तोंड करून ठेवता येतो. स्वतःचं ऐकू आलं की माणूस ओरडत नाही. बाया तर या आवाजावर गातातही. त्यांचा विचार आधी व्हायला पाहिजे.

पोळा झाला की दर रविवारी सकाळी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला मी शिकवायला बसतो. फी नाही. खर्रा दाराबाहेर. ज्याचा आवाज तीन आठवड्यांवर बसलेला असेल, त्यानं माझ्याकडे नंतर यावं जी, आधी घशाच्या डॉक्टरकडे जावं. एकटं जायचं भ्या वाटत असेल तर सांगा, मी सोबत येतो.