खुलासा: क्रूझवर ‘फुकट बाल्कनी’ मिळत नाही

आपल्या धरमपेठच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘लहान जहाजावर सगळ्यात स्वस्त केबिन घ्या, चढताना लग्नाचा वाढदिवस सांगा, बाल्कनीची खोली फुकट मिळते.’ कृपया या भरवशावर पैसे भरू नका. वाढदिवसाचा केक मिळेल, खोली नाही. लहान जहाजावर केबिनच मोजक्या असतात आणि त्या बहुतेक आधीच भरलेल्या असतात. निघायच्या दिवशी द्यायला रिकामी खोली क्वचितच उरते.

गैरसमज कुठून आला, तेही कळलं. शेजारच्या काकूंच्या बुकिंगवर केबिन नंबरच्या जागी ‘जीटीवाय’ छापलंय. म्हणजे गॅरंटी: ठरलेल्या दर्जापेक्षा खालची खोली देत नाहीत, वरची मिळू शकते, पण मिळेलच असं नाही. जागाही आपल्याला निवडता येत नाही.

काही कंपन्या वरच्या दर्जाच्या केबिनसाठी बोली मागवतात, म्हणजे जास्तीचे किती पैसे द्याल ते विचारतात. ती रक्कम सहसा माणशी असते, जोडप्याला दुप्पट पडते! मंजूर झाली की कार्डावरून कापली जाते, परत मिळणं कठीण.

आणि समुद्राची सवय नसलेल्या आपल्या नागपूरकरांनी वरच्या मजल्याचा हट्ट का धरावा? खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर हेलकावे सगळ्यात कमी लागतात. मळमळीचा त्रास असेल तर तीच खोली आधीच, नंबरासकट पक्की करा.